‘ही रजा बायकांसाठी असते’

प्रश्न : आदरणीय ताई, मी ३९ वर्षांचा असून मराठवाड्यातील एका शासकीय रुग्णालयात गेली १३ वर्षे अधिपरिचारक (स्टाफ नर्स) आहे. रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक मला ‘ब्रदर’ म्हणतात. आमच्या विभागात २२ परिचारिका असून पुरुष आम्ही दोघेच आहोत, आणि त्यातील दुसरा अविवाहित आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या पत्नीचे कर्करोगाने निधन झाले. मुलगी नऊ वर्षांची असून चौथीत शिकते. घरी माझी ६८ वर्षांची आई असते, परंतु तिचे गुडघे दुखतात आणि तिला नीट ऐकू येत नाही.

पत्नीच्या आजारपणात या सर्व सिस्टरांनी माझ्या ड्यूट्या आपसांत वाटून घेतल्या आणि घरी डबे पाठवले. त्यामुळे पुढचे लिहिताना आपण कृतघ्नपणा करतो आहोत असे मला वाटते. ड्यूटी लावताना लहान मुले असलेल्या सिस्टरांचा विचार होतो आणि तो व्हायलाच हवा, पण माझ्याही घरी लहान मूल आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही. अपघात विभागात रात्री नातेवाईक दारू पिऊन गोंधळ घालतात, म्हणून ‘रात्री ब्रदर असलेले बरे’ असे म्हणत महिन्यातील १२ ते १४ रात्री माझ्या वाट्याला येतात. मागच्या पावसाळ्यात मुलीला टायफॉइड झाला तेव्हा मी आस्थापना शाखेत बालसंगोपन रजेची चौकशी केली. तेथील लिपिकाने सर्वांसमोर सांगितले, ‘ही रजा बायकांसाठी असते.’ मी मुकाट्याने अर्जित रजा टाकली.

एक सहकारी सिस्टर माझ्या मुलीला अधूनमधून शाळेतून घरी सोडत, तिचे केस विंचरून देत, आणि दोन-तीन वेळा चहालाही थांबल्या. त्या विवाहित आहेत. त्यावरून वॉर्डात कुजबूज सुरू झाल्यापासून मी त्यांच्याशी बोलणेच बंद केले आहे. मुलगी विचारते, ‘मावशी का येत नाहीत?’ इतर काही जणी सतत स्थळे सुचवतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या दिवशी एका सिस्टरने ‘लेकीसाठी’ म्हणून वाणाचा स्टीलचा डबा माझ्या हातात ठेवला, तेव्हा मी लिनन रूममध्ये जाऊन बराच वेळ नुसता उभा राहिलो.

शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. मैत्रिणीच्या थोरल्या बहिणीला पाळी आल्याचे मुलीच्या कानावर आले आणि तिने मला विचारले, ‘बाबा, मला आली तर मी कोणाला सांगायचे?’ मी १३ वर्षे परिचर्येत आहे, तरी माझ्या तोंडून ‘आजीला सांग’ एवढेच बाहेर पडले. मी या नोकरीतून बाहेर पडावे का?

उत्तर : तुमच्या पत्रातील सर्वांत सोप्या गोष्टीपासून सुरुवात करते, कारण तुम्हाला ती चुकीची सांगितली गेली आहे. राज्य शासनाच्या वित्त विभागाने जुलै २०१८ मध्ये काढलेल्या शासन निर्णयाने बालसंगोपन रजा लागू झाली, तेव्हाच ती महिला कर्मचाऱ्यांबरोबर पत्नी नसलेल्या पुरुष कर्मचाऱ्यांनाही देण्यात आली. पत्नी असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली असेल तर त्या पुरुषालाही ती मिळू शकते. म्हणजे तुमच्या पत्नीच्या शेवटच्या महिन्यांतही तुम्ही या रजेसाठी अर्ज करू शकला असता, आणि हे वाक्य लिहिताना मला वाईट वाटते. संपूर्ण सेवेत मिळून ही रजा १८० दिवसांची असते आणि मूल १८ वर्षांचे होईपर्यंत ती घेता येते. तुमच्या मुलीला १८ पूर्ण व्हायला नऊ वर्षे आहेत, म्हणजे हिशेबाने वर्षाला २० दिवस येतात. ते एकदम खर्च करू नका. आजारपण, दहावीचे वर्ष, ती वयात येईल तो काळ, हे सगळे डोळ्यांसमोर ठेवून जपून वापरा.

अर्ज तोंडी करू नका. पत्नीच्या मृत्यूचा दाखला आणि मुलीचा जन्मदाखला जोडून, शासन निर्णयाची प्रत सोबत लावून, तो अधिसेविकांमार्फत (मेट्रनमार्फत) कार्यालयप्रमुखांकडे पाठवा आणि आवक शिक्का मारलेली पोच स्वतःजवळ ठेवा. कोणतीही रजा हक्क म्हणून मागता येत नाही, असे महाराष्ट्र नागरी सेवा रजा नियम, १९८१ स्पष्टपणे सांगतात. कामाच्या निकडीमुळे तारखा पुढे ढकलल्या जाऊ शकतात. परंतु ‘तारीख पुढे ढकला’ असे म्हणणे वेगळे आणि ‘तुम्ही पुरुष आहात म्हणून अर्जच करू नका’ असे म्हणणे वेगळे. त्या लिपिकाने दुसरी गोष्ट केली, आणि तसे करण्याचा अधिकार त्याला नव्हता. मुद्दाम अडवण्याचा त्याचा हेतू असेलच असे नाही. इतकी वर्षे हा अर्ज घेऊन त्याच्या टेबलाशी फक्त स्त्रियाच आल्या असतील, म्हणून कागदावरचे शब्द त्याने वाचलेच नसतील.

तुमच्यासारखे पत्र लिहिणारे इतरही वडील आहेत, म्हणून त्यांच्यासाठी दोन ओळी. केंद्र सरकारी सेवेत ही रजा ७३० दिवसांची असून डिसेंबर २०१८ पासून विधुर, घटस्फोटित आणि अविवाहित एकल पित्यांनाही ती मिळते. पहिल्या ३६५ दिवसांना पूर्ण वेतन आणि पुढच्या ३६५ दिवसांना ८० टक्के वेतन मिळते. खासगी रुग्णालयातील ब्रदरला मात्र अशी रजा देणारा कायदा नाही. २०१७ च्या दुरुस्तीनंतर प्रसूती लाभ कायद्याने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय सक्तीची केली, पण दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाऊन मुलाला पाहण्याची मुभा त्यातील शब्दांनुसार आईला होती. बाप एकटा असेल तर काय, हा प्रश्न तो मजकूर लिहिताना कोणाला पडलेला दिसत नाही.

तुमच्या अडचणीचे मूळ मला येथेच दिसते. तुमच्या सेवेतील पदांची नावेच पाहा: अधिपरिचारिका, परिसेविका (वॉर्डच्या प्रमुख सिस्टर), अधिसेविका. परिचर्या करणारी व्यक्ती स्त्री असणार, हे भाषेने आधीच ठरवून टाकले आहे. एम्ससारख्या संस्थेनेही २०१९ मध्ये परिचर्या अधिकाऱ्यांच्या भरतीत ८० टक्के जागा स्त्रियांसाठी आणि २० टक्के पुरुषांसाठी असे प्रमाण ठरवले, तेव्हा हे चित्र लवकर पालटेल असे धरून चालता येणार नाही. दुसरीकडे मूल सांभाळणारी व्यक्तीही स्त्रीच असणार, असे कार्यालय गृहीत धरते. तुम्ही परिचर्या करता आणि मूलही सांभाळता, पण स्त्री नाही. त्यामुळे ड्यूटी लावणाऱ्याच्या मनात ‘लहान मूल असलेल्या’ यादीत तुमचे नाव येतच नाही, ते ‘पुरुष’ या यादीत जाते. तुमच्याविरुद्ध कोणी काही केलेले नाही. पण तुम्ही स्वतःही आजवर तोंड उघडून आपले नाव पहिल्या यादीत घालून घेतलेले नाही, आणि ते काम आता तुम्हालाच करायचे आहे.

रात्रपाळीबद्दल बोलताना सिस्टरांची भीती खोटी आहे असे मात्र समजू नका. रात्री अपघात विभागात दोन परिचारिका आणि समोर दहा संतापलेले नातेवाईक, हा प्रसंग काय असतो ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता. परंतु त्यावरचा उपाय म्हणजे एक ब्रदर नव्हे. वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरील हिंसाचार रोखण्यासाठी महाराष्ट्रात २०१० पासून स्वतंत्र कायदा आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. दाराशी सुरक्षारक्षक असणे, पोलीस चौकीला लगेच कळवण्याची सोय असणे, ही रुग्णालय प्रशासनाची जबाबदारी आहे. ही मागणी तुम्ही आणि सगळ्या सिस्टरांनी मिळून एका अर्जावर सह्या करून करावी. त्यामुळे तुमच्या रात्री कमी करण्याची मागणी त्यांच्या सुरक्षिततेच्या विरोधात जाणार नाही, तिच्या बरोबरीने जाईल. परिसेविकांना भेटून तुम्ही एवढेच सांगा की घरी नऊ वर्षांची मुलगी आणि नीट ऐकू न येणारी वृद्ध आई आहे, रात्री काही झाले तर शेजारच्यांना हाक मारणारेही कोणी नाही. रात्रपाळीला तुमचा नकार नाही, पण लहान मुले असलेल्या इतरांइतक्याच रात्री मिळाव्यात आणि त्यांच्या तारखा महिनाभर आधी कळाव्यात. तारखा आधी कळल्या म्हणजे त्या रात्रींपुरते एखाद्या नातेवाईक बाईंना घरी झोपायला बोलावता येते, आणि तुमच्या आईचाही जीव टांगणीला लागत नाही.

आता कृतघ्नपणाबद्दल. आजारपणात सिस्टरांनी केलेली मदत आणि ड्यूटीची रास्त वाटणी, या दोन गोष्टी तुम्ही एकाच खात्यात मांडल्या आहेत, म्हणून हक्काचे मागतानाही तुम्हाला ओशाळल्यासारखे वाटते. डब्याची परतफेड रात्रपाळीने होत नसते. ज्यांनी तुम्हाला आधार दिला त्यांच्यासाठी करण्यासारखे पुष्कळ आहे. वटपौर्णिमेची सकाळ, मंगळागौरीची रात्र, भाऊबीज, अशा वेळी ज्यांना घरी थांबायचे असते त्यांची ड्यूटी आपणहून मागून घ्या, आणि तुमच्या मुलीच्या शाळेचे स्नेहसंमेलन किंवा पालकसभा असेल त्या दिवशी त्यांच्याकडून ड्यूटी बदलून मागा. अशी देवाणघेवाण वॉर्डात वर्षानुवर्षे चालत आलेली आहे. तुम्ही तिच्यात फक्त घेणारे म्हणून राहिलात, म्हणून ती तुम्हाला उपकारासारखी जड झाली. मागणारा आणि देणारा असे दोन्ही झालात की ती सोपी होईल.

ज्या सिस्टरांशी तुम्ही बोलणे बंद केले आहे, त्यांच्याबाबत मला तुम्हाला थोडे कठोरपणे सांगावे लागेल. कुजबूज झाल्यावर तुम्ही स्वतःला वाचवले, पण त्यांना काहीही न सांगता वाचवले. त्यांनी एका आई नसलेल्या मुलीचे केस विंचरले आणि त्याबद्दल त्यांना अबोला मिळाला. शिवाय अचानक तुटलेल्या बोलण्याने अफवा थांबत नाही. उलट ‘काहीतरी असणारच’ असे म्हणणाऱ्यांना पुरावा मिळतो. त्यांना दोघांच्याही ओळखीच्या एखाद्या ज्येष्ठ सिस्टरसमोर, वॉर्डातच, उघडपणे भेटा आणि स्पष्ट सांगा, ‘तुमच्या नावाला त्रास होऊ नये म्हणून मी गप्प बसलो, ते चुकले. पुढे काय करावे असे तुम्हाला वाटते?’ हा निर्णय त्यांचा असू द्या. त्या म्हणाल्या की आता घरी येणे नको, तर ते निमूटपणे मान्य करा आणि मुलीला ‘मावशींना सध्या जमत नाही, पण त्या तुझ्यावर रागावलेल्या नाहीत’ एवढे खरे कारण द्या. त्या म्हणाल्या की काही बिघडत नाही, तर पुढचा चहा त्यांच्या यजमानांना आणि मुलांनाही बोलावून, तुमच्या आईंच्या उपस्थितीत होऊ द्या. बायकांमध्ये काम करणारे काही पुरुष मला लिहितात की २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यामुळे त्यांना साधे हसून बोलण्याचीही भीती वाटते. ती भीती अनाठायी आहे. त्या कायद्याचा रोख नकोशा वागण्यावर आहे, आणि समोरच्या व्यक्तीची इच्छा विचारून, सर्वांदेखत, मोकळेपणाने वागणाऱ्या माणसाला त्यातून भिण्यासारखे काही नाही. कुजबूज फारच वाढली आणि ती कोण करते हे माहीत असेल, तर दोघांनी मिळून अधिसेविकांना सांगावे; एकट्याने सांगू नका.

स्थळे सुचवणाऱ्यांना राग न आणता एकच वाक्य सांगत राहा: ‘मनाची तयारी झाली की मीच तुमच्याकडे येईन.’ लग्न कधी करावे, करावे की नाही, हे तुम्ही मला विचारलेले नाही, म्हणून मीही सांगत नाही. मात्र केवळ मुलीला आई हवी, या कारणासाठी ते करू नका. ते त्या येणाऱ्या स्त्रीवरही अन्यायाचे होईल.

लिनन रूममधल्या त्या क्षणाबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, पण मी ती अनेकदा वाचली. पत्नीच्या आजारात तुम्ही घरीही परिचारक होतात आणि रुग्णालयातही. त्यानंतर गेली दोन वर्षे आई, मुलगी आणि रुग्ण यांच्यात तुम्हाला तुमच्या दुःखासाठी वेळ मिळालेला नाही. त्या दिवशी तुम्ही रडला असाल तर ते योग्यच झाले. झोप येत नसेल, भूक मंदावली असेल, किंवा कशातच मन लागत नसेल, तर तुमच्याच रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा. ओळखीच्या ठिकाणी संकोच वाटत असेल तर शासनाच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीतून बोलता येते.

नोकरी सोडावी का, याचे उत्तर माझ्या दृष्टीने नाही असे आहे. १३ वर्षांचा अनुभव, शासकीय सेवेची शाश्वती आणि ज्यांनी तुमच्यासाठी स्वतःच्या ड्यूट्या बदलल्या असे सहकारी, हे सगळे एका लिपिकाच्या वाक्यावरून आणि काही जणींच्या कुजबुजीवरून सोडून देण्याइतके स्वस्त नाही.

आता मुलीचा प्रश्न. तिने ‘कोणाला सांगायचे’ असे तुम्हालाच विचारले, आजीला नाही, याकडे तुमचे लक्ष गेलेले दिसत नाही. सांगायचे माणूस तिने आधीच निवडले आहे आणि ते चालेल की नाही याची ती खात्री करून घेत होती. ‘आजीला सांग’ या उत्तरातून तिला असे कळले की हा विषय बाबांशी बोलायचा नसतो. पण ही चूक दुरुस्त होण्यासारखी आहे आणि ती या आठवड्यातच दुरुस्त करा. तिच्याजवळ बसून सांगा, ‘त्या दिवशी तू विचारलेस तेव्हा मी गडबडलो. तुला पाळी आली की पहिल्यांदा मलाच सांगायचे. मी ड्यूटीवर असलो तरी फोन करायचा.’

तुम्हाला शरीरशास्त्र शिकवण्याची गरज नाही, पण इतर वडिलांसाठी लिहिते. मुली वयात येण्याच्या खुणा साधारण आठ ते तेरा या वयात दिसू लागतात आणि स्तनांची वाढ सुरू झाल्यावर साधारण दोन-अडीच वर्षांनी पहिली पाळी येते. आठ वर्षांच्या आधी खुणा दिसल्या किंवा पंधरा वर्षांची झाल्यावरही पाळी आली नाही तर डॉक्टरांना दाखवावे. म्हणजे तुमच्या हाताशी थोडा वेळ आहे. एका रविवारी तिला पॅड दाखवा, तो कसा लावायचा, चार ते सहा तासांनी का बदलायचा, वापरलेला कागदात गुंडाळून कचऱ्यात कसा टाकायचा, हे सारे तुम्ही वॉर्डात एखाद्या नवख्या आईला ज्या साधेपणाने समजावता त्याच साधेपणाने समजावा. दोन पॅड आणि एक जास्तीची चड्डी एका छोट्या पिशवीत घालून ती दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवा आणि तिच्या वर्गशिक्षिकांना भेटून तसे सांगून ठेवा. सुरुवातीला पाळी अनियमित असते, हेही तिला आधीच सांगा, म्हणजे ती घाबरणार नाही.

याशिवाय तिला एक-दोन स्त्रिया हव्यातच, कारण काही गोष्टी स्वतः अनुभवलेल्या व्यक्तीलाच विचारता येतात. त्या तुम्ही नेमू नका, तिला निवडू द्या. कदाचित ती मावशींचेच नाव घेईल, आणि म्हणूनच त्या सिस्टरांशी बोलणे आधी व्हायला हवे. साऱ्या वॉर्डाने तिला सांभाळावे असे मात्र होऊ देऊ नका. बावीस जणींनी बावीस प्रकारचे सल्ले दिले तर ती गोंधळेल, आणि तिच्या शरीराची चर्चा ड्यूटीरूममध्ये होणे तिला आवडणार नाही.

राहिल्या तुमच्या आई. त्यांच्या काळात ‘कावळा शिवला’ म्हणून चार दिवस बाजूला बसणे हीच रीत होती, आणि मुलीला पहिली पाळी आली की त्या मायेनेच ‘देवाजवळ जाऊ नकोस, लोणच्याला हात लावू नकोस’ असे म्हणतील. त्या वेळी मुलीसमोर त्यांच्याशी वाद घालण्याऐवजी आत्ताच, मुलगी शाळेत गेलेली असताना, शांतपणे बोलून घ्या. सुनेच्या आजारपणात त्यांनीही खूप सोसले आहे. नातीला त्या दिवशी कोपऱ्यात बसलेली पाहणे त्यांनाही नको असेल. रजेच्या अर्जाचे काय झाले ते आम्हाला जरूर कळवा. तो नाकारला गेलाच, तर नाकारण्याचे कारण लेखी मागून घ्या आणि त्याची प्रत पत्रासोबत पाठवा.